१ बीएचकेमध्ये दुसरं मांजर : घरात भाटी, शेल्टरमधून बोका

पागोळी

नमस्कार मंडळी. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर १ बीएचके. माणसं चार (आम्ही दोघं, मुलगा आणि सासरे) आणि चिंगी. चिंगी पाच वर्षांची भाटी, ऑपरेशन झालेलं, पिल्लू असल्यापासून एकटीच वाढलेली. स्वभावाने शिष्ट. कोणाच्या मांडीवर बसत नाही, सासऱ्यांच्या पेपरवर मात्र बसते, तेही ते वाचत असतील नेमक्या त्याच पानावर.

मुलगा रविवारी मित्राबरोबर एका शेल्टरमध्ये मदतीला जातो. तिथे दोनेक वर्षांचा एक पिवळा बोका आहे. नसबंदी झालेली, कानाचं टोक कापलेलं, एक डोळा जुन्या आजारामुळे दुधाळ. सगळ्यांना पिल्लं हवी असतात, त्यामुळे याला कोणी विचारत नाही. मुलाने महिनाभर डोकं खाल्लं, मग मी जाऊन पाहून आले आणि आता माझंच मन अडकलंय. शेल्टरची बाई घर बघून गेली. खिडक्यांना जाळ्या लावून घ्या म्हणाली, त्या लावून झाल्या.

प्रश्न असा: जिथे वाचावं तिथे एकच सल्ला, 'नव्या मांजराला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा'. अहो, खोली आणायची कुठून? हॉलमध्ये सासरे झोपतात, बेडरूममध्ये आम्ही तिघं. संडास-बाथरूम वेगवेगळं आहे, पण दोन्हींत मिळून एक माणूस धड उभा राहील एवढीच जागा. १ बीएचकेत कोणी हे केलंय का? कसं केलंत?

लोणकढी

वाचतेय. आमच्याकडेही हाच घोळ होणार आहे लवकरच.

गुहागरी

एवढं काय त्यात? आमच्या गावच्या घरी पाच-सहा मांजरं कायम असतात. नवं आलं की दोन दिवस फिसफिस, एखादी लढाई, मग ज्याची त्याची जागा ठरते. एक चुलीपाशी, एक माळ्यावर, एक पडवीत. कोणी ओळखपरेड केली नाही की दोन आठवडे कोंडून ठेवलं नाही. शहरातली माणसं मांजराचंही शिबिर घेतात.

नाडीपरीक्षा

गुहागरी, तुमचं निरीक्षण बरोबर आहे, उत्तरही त्यातच आहे: चूल, माळा, पडवी. मी पुण्यात पशुवैद्य आहे, यातली बरीच प्रकरणं टेबलावर येतात. कुत्र्यांमध्ये भांडणानंतर समेट करायच्या काही रीती असतात. मांजरांकडे त्या जवळपास नाहीत. त्यांचा भांडण मिटवायचा उपाय एकच, लांब जाणं. तुमच्या घरी हरलेलं मांजर वाडीत निघून जातं, रात्री उशिरा येऊन गुपचूप जेवतं. आणि जे जुळवून घेत नाही ते कायमचंच जातं. ते तुम्ही मोजत नाही, 'कुठे गेलं कोण जाणे' म्हणता. तिसऱ्या मजल्यावर हरलेल्याला जायला कपाटावरची जागा, नाहीतर पलंगाखाली. तिथून ते पाण्यालाही बाहेर पडत नाही.

पागोळी, वेगळं ठेवायचं आणखी एक कारण आहे आणि ते स्वभावापेक्षा मोठं आहे. आजार. शेल्टर कितीही चांगलं असलं तरी तिथे मांजरं येत-जात असतात. पॅनल्यूकोपेनियाची (मांजरांचा एक जीवघेणा विषाणूजन्य आजार) लागण झाली की लक्षणं दिसायला साधारण दोन दिवस ते दोन आठवडे लागतात, म्हणून दोन आठवडे. हा विषाणू फार चिवट. घरात वर्षभरही टिकू शकतो आणि साध्या साबणाला दाद देत नाही. त्याला ब्लीच लागतं, एक भाग ब्लीच आणि ३२ भाग पाणी, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. पण आधी जागा साबणाने धुऊन घ्या. मुतावर थेट ब्लीच ओतलं तर बोचरा वायू तयार होतो.

आणि फिनेल बंद. काळं फिनेल, पाइन ऑइलवालं पांढरं, दोन्ही. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखे पदार्थ निकामी करता येत नाहीत. लादीवरचं पायाला लागतं, पाय चाटले की पोटात जातं. पॅरासिटामॉल मांजराला विष ठरतं तेही याच कमतरतेमुळे. हे सासऱ्यांनाही सांगून ठेवा, 'अर्धी गोळी दिली तापासाठी' म्हणत मांजर घेऊन आलेले लोक मी पाहिलेत.

शेल्टरकडून लेखी मागून घ्या: तीन रोगांवरची एकत्र लस (आपल्याकडे सगळे 'ट्रायकॅट' म्हणतात) कधी दिली, रेबीजची कधी, जंताचं औषध कधी, आणि एफआयव्ही व एफईएलव्हीची (मांजरांची प्रतिकारशक्ती खालावणारे दोन विषाणू) तपासणी झाली का. ती तपासणी रक्ताच्या थेंबावर होते, दहा मिनिटांत उत्तर मिळतं. एफईएलव्ही लाळेतून पसरतो, एकमेकांना चाटण्यातून, एका वाटीतल्या पाण्यातून. त्यामुळे तो निगेटिव्ह असल्याशिवाय चिंगीसमोर बोका नको. नुकतीच लागण असेल तर पहिली तपासणी चुकू शकते, म्हणून महिन्याभराने परत करतात. चिंगीची लस शेवटची कधी झाली? घरातच असते म्हणून पाच वर्षांत झालीच नाही, असं उत्तर असेल तर आधी ती.

पागोळी

डॉक्टर, मनापासून आभार. चिंगीची रेबीज दरवर्षी होते, ट्रायकॅट मागच्या वेळी राहिली होती, उद्याच नेते. फिनेलची बाटली आत्ताच बाहेर ठेवली. कामवाल्या मावशी म्हणाल्या, 'मग लादी पुसायची कशाने, दुधाने?'

तिन्हीसांजा

दोघी मांजरींची आई, डोंबिवली, १ बीएचके. आमचं घर तुमच्याहून लहान असावं. सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, 'वेगळी खोली' म्हणजे रिकामी खोली नव्हे. बंद होणारं दार आणि आत एक मांजर, बस. तुमची बेडरूम हीच ती खोली. तुम्ही तिघं तिथे झोपा की, बोक्याला सोबतच होईल. हॉल आणि किचन चिंगीचं राहील, आणि तिचा आवडता माणूस, म्हणजे पेपर, तिथेच आहे. कपाटातले रोजचे कपडे मात्र आधीच बाहेर काढून ठेवा, नाहीतर दिवसातून वीस वेळा दार उघडावं लागेल. चिंगीला बेडरूममध्ये झोपायची सवय असेल तर बोका यायच्या आधीच आठवडाभर ती मोडा. नाहीतर तिच्या हिशेबी तो आला आणि आपली हकालपट्टी झाली.

बोका आल्यावर पहिले दोन दिवस तो पलंगाखालून निघणार नाही. ओढू नका. खाली एक खोकं आडवं ठेवा, तिथेच पाणी, लांबच्या कोपऱ्यात लिटर (शी-शूचा ट्रे). रात्री सगळे झोपल्यावर बाहेर येऊन खाईल. खातोय ना एवढं बघायचं. पूर्ण दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टर.

मग वासाची देवाणघेवाण. एक जुना मोजा हातात घालून बोक्याचे गाल आणि हनुवटी चोळायची, कारण ओळखीचा वास गालांतून येतो. तो मोजा हॉलमध्ये चिंगीच्या वाटेत टाकायचा, तिच्या ताटलीजवळ नाही. तिचा मोजा त्याच्याकडे. आमच्या मोठीने पहिल्या दिवशी मोज्यावर फिस्कारून त्याला दोन चापट्या मारल्या. चारेक दिवसांनी ती त्याच मोज्यावर झोपली होती. मोज्यावर राग आहे तोवर मांजर दाखवायचंच नाही.

पुढे जेवण बंद दाराच्या दोन बाजूंना. आधी दारापासून चार-पाच फुटांवर, मग रोज थोडं जवळ. इथे घाई होते सगळ्यांची. ताटली सरकवलीत आणि मांजर खाता खाता थांबून दाराखालच्या फटीकडे बघत राहिलं, तर परत मागे न्या. आमची मोठी सुकट खाताना चपचप आवाज करते. तो आवाज बंद झाला की मी समजायचे, आज एवढंच.

दार उघडायची वेळ आली की सुताराकडून दाराच्या मापाची लाकडी चौकट करून घ्या, तिला बारीक भोकांची पत्र्याची जाळी. मच्छरदाणीची जाळी नको, एका पंज्यात फाटते. ही चौकट बिजागरीवर बसवायची. नंतर काढून बाल्कनीत लावता येते. अर्धी चादरीने झाकून सुरुवात करायची, म्हणजे दिसेल पण थोडंच. दोघींना दोन बाजूंना खायला, पाच मिनिटं, की दार बंद. दोघी जेवत असतानाच बंद. भांडण झाल्यावर बंद केलंत तर भांडणच लक्षात राहतं.

आणि रोज तासभर अदलाबदल. बोका हॉलमध्ये, चिंगी बेडरूममध्ये, समोरासमोर न येता. छोट्या घरात हे फार उपयोगी पडतं, कारण दोघांचं 'माझं घर' सारखंच मोठं होत जातं.

गुहागरी

एवढं तर आमच्या बहिणीचं लग्न ठरवतानाही केलं नव्हतं.

पण डॉक्टरांचं 'कुठे गेलं कोण जाणे' मनाला लागलं. आईला फोन केला. म्हणाली, असे तीन बोके तरी गेलेत.

मांडवीकाठ

पणजीहून. शेल्टरला आणखी एक विचारा: हा बोका तिथे पिंजऱ्यात एकटा आहे की इतर मांजरांबरोबर मोकळ्या खोलीत? इतरांबरोबर राहत असेल तर तिथे तो कसा वागतो हे रोज पाहणाऱ्या माणसाला विचारा, ऑफिसातल्याला नको. जेवायच्या वेळी इतरांना ढकलतो, की बाजूला बसून वाट बघतो? वाट बघणारा असेल तर अर्धी लढाई जिंकलात. आणि चिंगी पाच वर्षांची आहे म्हटल्यावर पिल्लापेक्षा दोन वर्षांचा शांत बोका कधीही बरा. पिल्लू दिवसभर तिच्या शेपटीवर उड्या मारत बसलं असतं. तुम्हाला गोड वाटलं असतं, तिला नसतं.

पागोळी

विचारलं. तिथली मुलगी म्हणाली, 'हा सगळ्यात शेवटी जेवतो, आणि कोणी फिस्कारलं की पाठ करून बसतो.' तपासणी दोन्ही निगेटिव्ह. सुताराला माप दिलं. येत्या रविवारी येतोय. नाव बंड्या ठेवलंय, जे त्याच्या स्वभावाला अजिबात शोभत नाही.

हडसनपलीकडे

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्या बोक्याची एफआयव्ही पॉझिटिव्ह आली होती, म्हणून कोणी नेत नव्हतं. इतरांसाठी सांगतो: तो प्रामुख्याने खोल चाव्यातून पसरतो, वाटीतून नाही. दोघं भांडत नसतील आणि नसबंदी झालेली असेल तर दुसऱ्या मांजरासोबत राहू शकतो. आमचा राहतोय. नाव ऐकून घाबरून नकार देऊ नका, डॉक्टरांशी बोला.

इथे बऱ्याच शेल्टरमध्ये आधी 'फोस्टर' म्हणून काही आठवडे घरी नेता येतं, नाही जमलं तर परत. तुमच्या शेल्टरला तशी सोय विचारून बघा. परत न्यायची वेळ येत नाही सहसा, पण डोक्यावरचं ओझं कमी होतं.

लोणकढी

लिटरचं काय? दोन मांजरांना तीन ट्रे हवेत असं वाचलं. १ बीएचकेत तीन ट्रे म्हणजे माणसांनी बाहेर जायचं.

तिन्हीसांजा

तीन हवेत हे खरंच. पण मेख अशी की तीन ट्रे एका ओळीत ठेवले तर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे. ट्रेकडे जायची वाट एका मांजराने अडवली की दुसऱ्याला जागाच उरत नाही, मग गादी. आमच्याकडे एक बेडरूममध्ये, एक हॉलमधल्या टीव्हीखाली, एक संडासाबाहेरच्या बोळात. झाकणवाले घेऊ नका, आत बसलेल्याला बाहेर कोण टपलंय ते दिसत नाही. नवऱ्याने खर्च वाचवायला बांधकामाची रेती आणली होती. आठवडाभर घरात वास आणि सगळीकडे कचकच. शेवटी बेंटोनाइटच (ट्रेसाठी मिळणारी माती). गोळे होतात, काढून टाकता येतात.

पागोळी

अपडेट द्यायला उशीर झाला. पावसाळा सुरू झाला आणि बंड्या आला.

पहिला आठवडा अगदी तिन्हीसांजा म्हणाल्या तसाच. पलंगाखाली खोकं, रात्री जेवण. मुलगा जमिनीवर आडवा पडून त्याला अभ्यासाचा धडा वाचून दाखवायचा. नागरिकशास्त्र. बंड्याला सवय झाली आणि मुलाचा पेपर चांगला गेला. मध्ये त्याच्या कानामागे केस गेलेला गोल चट्टा दिसला. डॉक्टरकडे नेलं तर गजकर्ण. ते माणसांनाही होतं, म्हणून बेडरूममधला मुक्काम वाढला आणि आम्ही तिघं हॉलमध्ये सासऱ्यांच्या शेजारी ओळीने. ते खूश, म्हणाले चाळीतले दिवस आले.

चट्टा भरला, डॉक्टरांनी होकार दिला, मग मोजे, ताटल्या, चौकट. जाळीतून पहिल्यांदा पाहिल्यावर चिंगीने शेपूट बाटली धुवायच्या ब्रशएवढी केली. बंड्याने पाठ फिरवली आणि बसला, शेल्टरमधली मुलगी म्हणाली होती तसाच. चिंगीला काय करावं कळेना. थोडा वेळ त्याच्या पाठीकडे बघत राहिली, मग येऊन जेवली.

सगळं बरं चाललं होतं. परवा चौकटीच्या दोन्ही बाजूंना शांत बसलेले असताना हॉलच्या खिडकीवर कबूतर येऊन फडफडलं. जाळीमुळे चिंगीला ते पकडता येईना. ती वळली आणि चौकटीवर अशी झेपावली की बिजागरी निखळली. दोघांची गुंडाळी झाली. मी हात घालणार होते, तेवढ्यात सासऱ्यांनी वरून उशी टाकली. कोणाला लागलं नाही, पण आता चिंगी बेडरूमच्या दाराकडे बघूनही गुरगुरते. सगळं मुसळ केरात?

नाडीपरीक्षा

केरात नाही. सासऱ्यांना नमस्कार सांगा, उशीच टाकायची असते, किंवा मधे पुठ्ठा सरकवायचा. हात घातला असता तर चावली असती आणि मांजराचा चावा बारीक दिसला तरी खोल जातो, पिकतो. कोणालाही चावलं किंवा ओरबाडलं तर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं. घरच्या मांजराला लस दिली आहे म्हणून घरी बसायचं नाही, लशीचं ते बघतील.

जे झालं तो बंड्यावरचा राग नव्हता. कबुतराची चीड समोर दिसला त्याच्यावर निघाली. पण चिंगीच्या डोक्यात बंड्याचा वास आणि ती भीती आता एकत्र बसलीय. दोन दिवस पूर्ण बंद दार, एकमेकांचं दर्शन नाही. चिंगीला शांत, अर्धवट अंधारी जागा. मग मोज्यापासून पुन्हा सुरू करा, या वेळी भराभर होईल. खिडकीच्या खालच्या भागाला दूधकाचेचा कागद चिकटवा, म्हणजे कबुतरं दिसणार नाहीत. नायलॉनच्या कबूतरजाळीला भोक पडलंय का तेही पाहा, मांजरं ती चावून तोडतात. जमल्यास स्टीलची लावा.

फिस्कारण्याला घाबरू नका. त्याचा अर्थ 'लांब राहा' एवढाच, आणि समोरचा लांब राहिला की विषय संपतो. मी घाबरतो ते आवाज न करता एकटक बघण्याला. एक मांजर वाटेत बसून नुसतं बघतंय आणि दुसरं ट्रेपर्यंत जात नाहीये, असं दिसलं तर थांबवा. आणि बंड्या बोका आहे, म्हणून एक सांगतो: ताणामुळे बोक्यांची लघवी तुंबते. ट्रेमध्ये वारंवार बसतोय, ओरडतोय आणि काही होत नाहीये, असं दिसलं तर रात्री दोन वाजता असले तरी दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका, एक-दोन दिवसांत जीव जातो.

गुहागरी

उशी टाकणाऱ्या आजोबांना माझाही नमस्कार. आमच्याकडे तांब्याभर पाणी ओततात.

नाडीपरीक्षा

पाणी ओतलं तर सुटतात खरे, पण पुढच्या वेळी दोघं एकमेकांना बघून भिजायचीच वाट बघतात. उशी बरी.

पागोळी

महिन्यापेक्षा जास्त झाला. कागद चिकटवला, बिजागऱ्या मजबूत केल्या, मोज्यापासून परत सुरुवात केली. आता चौकट काढलीय. दिवसा, कोणी घरात असताना, दोघं मोकळे. रात्री अजून दार बंद. चिंगी पेपरवर, बंड्या सासऱ्यांच्या पायाशी, मधे दोनेक फूट. एकमेकांना चाटणं वगैरे काही नाही. तो जवळून गेला की ती एक पंजा उगारते, नखं आत. तो पाठ करून बसतो. माझ्या अपेक्षा यापुढे गेलेल्याच नाहीत, घरात शांतता आहे.

पुढचा प्रश्न: गणपतीला आम्ही पाच दिवस गावी, राजापूरला जातो. पूर्वी चिंगीला बास्केटमधून न्यायचो, ती रेल्वेत पूर्ण रात्र रडायची. आता दोघांना न्यायचं का? की कुठे ठेवायचं?

तिन्हीसांजा

नेऊ नका गं. गावच्या घरी पाहुणे, फटाके, आरत्या, उघडी दारं. बंड्या एकदा बाहेर सटकला की तुझा गणपती त्याला शोधण्यातच जाईल. बोर्डिंगही नको, आत्ताच कुठे बसलेली घडी विस्कटेल. घरी कोणीतरी येऊन राहील असं बघ. तेवढे दिवस परत बेडरूम-हॉल वेगळं आणि अदलाबदल, कारण नव्या माणसाला भांडण ओळखता येणार नाही. मुलाचा तो शेल्टरवाला मित्र येईल का?

पागोळी

त्याला विचारलं. येतो म्हणाला, मोदक परत येताना डब्यात आणायच्या अटीवर. सासरे म्हणतायत, मीही इथेच थांबतो, पेपर कोण वाचणार. बघू, घरचा गणपती सोडून ते थांबतील असं वाटत नाही.